मेंढरांमागचा गुलाम : संत पॅट्रिक आणि आयर्लंडमधील त्यांची ठिकाणे

मार्च महिन्याच्या १७ तारखेला जगातील पुष्कळ शहरांत लोक हिरवे कपडे घालून रस्त्यावर येतात. अमेरिकेतील शिकागो शहरात तर १९६२ सालापासून त्या सुमारास नदीचे पाणीसुद्धा हिरवे करतात. बँड वाजतात, मिरवणुका निघतात आणि दारूही बरीच वाहते. हे सारे ज्यांच्या नावाने चालते ते संत पॅट्रिक सोळा वर्षांचे होण्याच्या आतच गुलाम म्हणून धरून नेले गेले होते, ही गोष्ट त्या मिरवणुकीतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आयर्लंडला सहलीस जाणाऱ्यांना संत पॅट्रिकची ठिकाणे हमखास दाखवतात. अमुक टेकडीवर त्यांनी मेंढरे राखली, तमुक टेकडीवर होळी पेटवली, या डोंगरावर उपास केला, त्या खडकावर राजाला बाप्तिस्मा दिला. आमच्या बोरगावच्या बाजूचे कोणी तिकडे सहलीला जाईल न जाईल. परंतु आपल्या देशातून पुष्कळ परिचारिका तिकडच्या इस्पितळांत कामाला जातात, विद्यार्थी शिकायला जातात, आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना तर मुलांपुढे ही गोष्ट केव्हातरी सांगावी लागतेच. म्हणून ही ठिकाणे आम्ही येथे त्यांच्या आयुष्याच्या क्रमाने घेत आहोत. मात्र एक पथ्य पाळणार आहोत. पॅट्रिकच्या स्वतःच्या हातची दोन लॅटिन लिखाणे आजही उपलब्ध आहेत. एक 'कन्फेसिओ', म्हणजे म्हातारपणी देवासमोर व माणसांसमोर दिलेली साक्ष. दुसरे कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांना लिहिलेले पत्र. या दोन लिखाणांत जे आहे ते एका बाजूला ठेवू आणि लोकांनी मागाहून जे सांगितले ते दुसऱ्या बाजूला ठेवू. असे केल्याने पॅट्रिकचे काही कमी होत नाही, उलट मनुष्य मोठा दिसू लागतो.

पॅट्रिकचा जन्म आयर्लंडमध्ये झालाच नाही. तो ब्रिटनमधला. त्या काळी ब्रिटन रोमी साम्राज्यात होते किंवा नुकतेच त्यातून सुटत होते. रोमी फौजा तेथून गेल्या तो काळ ४१० सालच्या आसपासचा. त्याच्या वडिलांचे नाव कॅल्पोर्नियस. ते मंडळीचे डीकन होते आणि गावच्या नगरसभेचे सभासदही होते. आजोबा पोटिटस हे पाळक. घरची शेतीवाडी होती, नोकरचाकर होते. म्हणजे मुलगा चांगल्या ख्रिस्ती घरातला, पिढीजात. परंतु त्या वयात आपल्याला खरा देव ठाऊक नव्हता आणि पाळकांचे आपण ऐकत नव्हतो, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. पिढीजात ख्रिस्ती घरांत असे आजही घडते; त्यावर अधिक बोलत नाही.

फौजा गेल्या तशी किनाऱ्याची राखण सुटली. आयरिश टोळ्या होड्या घेऊन येत, गावे लुटत आणि माणसे धरून नेत. अशाच एका धाडीत पॅट्रिक सापडला. त्याच्याबरोबर हजारो माणसे नेली गेली असे तो सांगतो. त्याचे सोळावे वर्ष भरायचे होते.

आयर्लंडच्या उत्तरेस अँट्रिम परगण्यात स्लेमिश नावाचा एक डोंगर आहे. सपाट रानातून एकदम वर उठलेला, सुमारे १४०० फूट उंचीचा. येथेच पॅट्रिकने मेंढरे राखली असे परंपरा सांगते, आणि १७ मार्चला लोक या डोंगरावर चढून जातात. पण त्याच्या लिखाणात स्लेमिशचे नाव कोठेच नाही. आयर्लंडमधले एकच ठिकाण त्याने नावाने लिहिले आहे, ते म्हणजे पश्चिम समुद्राजवळचे फोक्लुटचे रान. हे रान आजच्या मेयो परगण्यात किलालाच्या बाजूला होते असे मानतात. म्हणून काही विद्वान म्हणतात की गुलामगिरीची वर्षे त्याने उत्तरेकडे नव्हे तर तिकडेच, पश्चिमेच्या टोकाला काढली असतील. सहलीच्या मोटारी मात्र स्लेमिशलाच जातात.

डोंगर कोणताही असो, काम तेच. आमच्या भागातल्या वाचकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. पीक निघाल्यावर शेतात धनगरांचा वाडा उतरतो, मालक खतासाठी मेंढरे बसवून घेतो, आणि पहाटे थंडीत अंगावर घोंगडे घेऊन उभी असलेली धनगराची पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यातले एखादे पोर आपले नसून पळवून आणलेले आहे, त्याला येथली भाषा येत नाही, त्याच्या आईबापांना तो जिवंत आहे हे ठाऊक नाही, आणि घोंगडेही धड नाही, असे मनात आणा. पॅट्रिकची सहा वर्षे अशी गेली. त्या सहा वर्षांत तो प्रार्थना करायला शिकला. दिवसातून शंभर वेळा आणि रात्री जवळजवळ तितक्याच वेळा आपण प्रार्थना करीत होतो, असे तो लिहितो. बर्फात, दहिवरात, पावसात तो उजाडण्यापूर्वी उठे. घरी ज्या पाळकांचे ऐकले नाही, त्यांनी शिकवलेलेच येथे उपयोगी पडले असणार. शिकवलेले वाया गेले असे वाटणाऱ्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे जरूर वाचावे.

एका रात्री झोपेत त्याला आवाज ऐकू आला की तू लवकरच आपल्या देशी जाणार आहेस, तुझे जहाज तयार आहे. जहाज जवळ नव्हते, सुमारे २०० मैल लांब होते, आणि तो त्या बाजूला कधी गेलेला नव्हता. तो निघाला. पळालेल्या गुलामाला वाटेत कोणीही धरू शकत होते, पण तो समुद्रापर्यंत पोहोचला. जहाजाच्या तांडेलाने त्याला रागाने हाकलून दिले. पॅट्रिक आपल्या झोपडीकडे परत फिरला आणि वाटेत प्रार्थना करू लागला. प्रार्थना संपायच्या आतच खलाशांपैकी एकाने त्याला हाक मारून परत बोलावले.

तीन दिवस समुद्रावर गेले. पुढे जमिनीवर उतरल्यावर २८ दिवस ओसाड मुलखातून चाल. अन्न संपले. तांडेलाने त्याला टोचून विचारले की तुझा देव इतका समर्थ आहे तर आमच्यासाठी प्रार्थना का करीत नाहीस. त्याने केली, आणि रस्त्यावर डुकरांचा कळप आला. सर्वांची पोटे भरली. येथे एक बारीकशी गोष्ट आहे ती आम्हांला फार आवडते. त्या लोकांना रानात मध सापडला व त्यांनी पॅट्रिकलाही दिला. देताना त्यांच्यातला एक जण म्हणाला की हा नैवेद्याचा आहे. भुकेल्या पॅट्रिकने तो मध तोंडात घातला नाही. जत्रेचा प्रसाद शेजाऱ्याने प्रेमाने आणून दिला की काय करावे हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत आजही निघतो, आणि त्यावर पौलाने करिंथकरांस लिहिलेला अध्याय आपण उघडतो. पंधराशे वर्षांपूर्वी तोच प्रश्न एका उपाशी मुलापुढे होता. त्याचे उत्तर सर्वांनी द्यावे असा आमचा आग्रह नाही, परंतु मुलांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

काही वर्षांनी तो आपल्या घरी ब्रिटनला पोहोचला. आईवडिलांनी हातापाया पडून विनवले की आता इतके सोसल्यावर आम्हांला सोडून कोठे जाऊ नकोस. कोणत्याही आईबापांनी हेच म्हटले असते.

मग ते स्वप्न पडले. व्हिक्टोरिकस नावाचा एक मनुष्य आयर्लंडहून असंख्य पत्रे घेऊन आला आहे. त्यातले एक त्याने पॅट्रिकच्या हातात दिले. पत्राच्या आरंभी ही आयरिश लोकांची वाणी आहे असे लिहिले होते. ते वाचीत असतानाच त्याला फोक्लुटच्या रानाजवळच्या लोकांचे आवाज ऐकू आले. ते एकमुखाने त्याला परत आपल्यांत येऊन चालण्यास विनवीत होते. त्याला पुढे वाचवेना, आणि तो जागा झाला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला मासेदोनियाचा मनुष्य येथे कोणालाही आठवेल. फरक इतकाच की पौलाला मासेदोनियाच्या लोकांनी कधी बांधून नेले नव्हते.

योसेफाला भावांनी विकले तेव्हा पुढे भाऊच त्याच्या दारी आले. अनेसिम धन्याकडे परत गेला तो पौलाचे पत्र हातात घेऊन गेला. पॅट्रिकच्या हातात कोणाचे पत्र नव्हते आणि त्याला धरून नेणारे कोणी पश्चात्ताप करून दारी आले नव्हते. तरी त्याने जाण्याचे ठरवले.

जाण्याआधी बरीच वर्षे तयारीत गेली. फ्रान्समधील ओसेर येथे बिशप जर्मेनस यांच्या हाताखाली ते शिकले असे परंपरा म्हणते. पुढे ते डीकन झाले, मग बिशप झाले. परंतु ब्रिटनच्या वडीलमंडळींना हा मनुष्य या कामास योग्य वाटत नव्हता. एक कारण त्यांच्या शिक्षणाचे. ज्या वयात इतर मुले व्याकरण आणि वक्तृत्व शिकतात त्या वयात हे मेंढरांमागे होते, परक्यांची बोली बोलत होते. त्यांची लॅटिन कायमची ओबडधोबड राहिली आणि त्याची लाज त्यांना म्हातारपणापर्यंत वाटत होती. आपल्या लिखाणात ते पुन्हापुन्हा त्याबद्दल क्षमा मागतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याचेच नाव १९७३ साली कर्नाटक झाले. घरी मराठी, कचेरीत कानडी, आणि दोन्हीकडे आपले बोलणे ऐकून कोणीतरी हसेल की काय ही धास्ती, असे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना पॅट्रिकची ही लाज लगेच समजेल. आणि हेही समजेल की त्या परक्या बोलीवाचून ते आयर्लंडमध्ये एक शब्दही सांगू शकले नसते. ब्रिटनच्या वडीलमंडळींना जो उणेपणा दिसला तेच त्यांचे भांडवल होते.

दुसरे कारण अधिक दुखवणारे आहे. सुमारे पंधराव्या वर्षी पॅट्रिकच्या हातून एक पाप घडले होते. ते त्यांनी डीकन होण्यापूर्वी एका जिवलग मित्राला मन मोकळे करून सांगितले. त्या मित्राने पुढे तीस वर्षांनी ते चारचौघांत उघड केले. पाप कोणते होते ते पॅट्रिक लिहीत नाहीत, पण मित्राचा घाव मात्र लपवीत नाहीत. 'कन्फेसिओ' हे पुस्तक पुष्कळसे या आरोपांच्या उत्तरादाखलच लिहिले गेले. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मंडळीत फोडणारे सगळ्या शतकांत असतात असे दिसते.

ते आयर्लंडमध्ये कोणत्या साली उतरले याबद्दल विद्वानांत एकमत नाही. जुन्या बखरींत ४३२ साल दिलेले आहे. एवढे खरे की ते पहिले नव्हते. ४३१ साली रोमच्या बिशपांनी पॅलेडियस नावाच्या बिशपाला आयर्लंडमधील ख्रिस्ती लोकांकडे पाठवले होते, म्हणजे थोडे ख्रिस्ती तेथे आधीच होते. पॅट्रिक गेले ते जेथे कोणीच गेले नव्हते अशा भागांत, अगदी मुलखाच्या टोकापर्यंत.

त्या वेळच्या आयर्लंडची कल्पना करायची तर शहरे, रस्ते, नाणी हे सगळे मनातून काढून टाकले पाहिजे. रोमी सत्ता तेथे कधी पोहोचलीच नाही. शंभराहून अधिक लहानलहान राजे होते, एखादा आपल्या तालुक्याएवढ्या मुलखाचासुद्धा नसेल. संपत्ती म्हणजे गुरे. आणि किंमत मोजण्याचे एक माप होते त्याचे नाव 'कुमल'. कुमल याचा मूळ अर्थ गुलाम बाई. जमिनीची किंमत, दंडाची रक्कम, सगळे अमुक इतक्या बायका असे मोजत. पुढे तेवढ्या किमतीची गुरे देत, पण मापाचे नाव तेच राहिले. ज्या देशात असा हिशेब चालतो त्या देशात एक पळालेला गुलाम आपण होऊन परत आला होता.

डाउनपॅट्रिक गावापासून जवळच सॉल म्हणून खेडे आहे. डिखू नावाच्या तेथल्या सरदाराने पॅट्रिकला आपले धान्याचे कोठार उपासनेसाठी दिले, आणि तेच त्यांचे पहिले देऊळ, असे सांगतात. गावाच्या नावाचा अर्थच कोठार असा आहे. आज तेथे उभे असलेले लहानसे दगडी देऊळ १९३० नंतरच्या वर्षांत स्मारक म्हणून बांधलेले आहे. आपल्याकडेही कितीतरी मंडळ्यांची पहिली उपासना कोणाच्या तरी सोप्यात किंवा गोठ्याच्या ओसरीवर झालेली असते, त्यामुळे ही परंपरा खरी असो वा नसो, शोभणारी आहे.

तारा आणि स्लेन या मीथ परगण्यातील दोन टेकड्यांची गोष्ट मात्र सर्वांत प्रसिद्ध आहे. तारा हे मोठ्या राजाचे ठिकाण. एका सणाच्या रात्री राजाचा जाळ पेटेपर्यंत कोणी विस्तव पेटवायचा नाही असा दंडक होता. पॅट्रिकने समोरच्या स्लेन टेकडीवर पुनरुत्थानाच्या सणाचा जाळ पेटवला, राजा चिडून धावून आला, राजाच्या मांत्रिकांशी सामना झाला, वगैरे. ही गोष्ट मुइर्खू नावाच्या लेखकाने लिहिली, तीही पॅट्रिकनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. तिच्यावर दानिएलाच्या पुस्तकाची आणि कर्मेल डोंगरावरच्या एलियाची छाप उघड दिसते. पॅट्रिकने स्वतः तारा, स्लेन, जाळ, यांतले काहीच लिहिलेले नाही. आज ताराला गेलेल्या माणसाला हिरवळीची वर्तुळे आणि मातीचे उंचवटे तेवढे दिसतात. त्यातला एक उंचवटा इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा, म्हणजे पॅट्रिकच्या काळीसुद्धा तो अतिप्राचीनच होता. जवळच न्यूग्रेंज येथे त्याहूनही जुनी दगडी समाधी आहे. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण तिच्या आतल्या खोलीपर्यंत जातो. सहलीला जाणाऱ्याने हे चुकवू नये. त्याचा पॅट्रिकशी संबंध नाही, इतकेच.

जाळाच्या गोष्टीपेक्षा त्यांच्या स्वतःच्या लिखाणातला रोजचा व्यवहार आम्हांला अधिक बोलका वाटतो. राजांना ते नजराणे देत. राजांची मुले सोबतीला घेत आणि त्यांना मोबदला देत, म्हणजे वाटेत संरक्षण मिळे. तेथल्या न्यायाधीशांना पंधरा माणसांच्या किमतीइतके तरी आपण दिले असेल, असा हिशेब ते मांडतात. स्वतः मात्र काही घेत नसत. हजारोंना बाप्तिस्मा दिला, पण कोणाकडून अर्धा पैसाही घेतला असेल तर सांगा, मी परत करीन, असा त्यांचा सूर आहे. ख्रिस्ती झालेल्या स्त्रिया आपले दागिने वेदीवर आणून टाकीत. ते पॅट्रिक परत देत, आणि त्या बायका रागावत. एवढे करूनही एकदा त्यांना व त्यांच्या सोबत्यांना लुटून बेड्या घातल्या गेल्या. चौदाव्या दिवशी सुटका झाली. बेडी त्यांना नवीन नव्हती. ज्या स्त्रिया ख्रिस्ती होत त्यांना घरच्यांचा छळ सोसावा लागे, आणि सर्वांत जास्त हाल गुलाम बायकांचे होत, हेही त्यांनी आवर्जून लिहिले आहे. त्या काळच्या बिशपांच्या लिखाणात गुलाम बायकांची अशी आठवण क्वचितच सापडेल.

आता त्या दुसऱ्या पत्राकडे येतो. सहलीच्या माहितीपत्रकात याची एखादी ओळ असली तर असते. आमच्या मते पॅट्रिकला ओळखायचे ते येथेच.

काही नव्या विश्वासणाऱ्यांना बाप्तिस्मा झाला होता. दुसराच दिवस. अंगावर अजून पांढरी वस्त्रे होती, कपाळावरच्या अभिषेकाच्या तेलाचा वास गेला नव्हता. त्यांच्यावर कोरोटिकसचे शिपाई येऊन पडले. काहींना कापून काढले, उरलेल्यांना धरून नेले आणि स्त्रियांची लुटीप्रमाणे वाटणी केली. कोरोटिकस हा ब्रिटनमधला सरदार. पुष्कळ विद्वान त्याला आजच्या स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठचा राजा मानतात. तो व त्याचे शिपाई नावाचे ख्रिस्ती होते. म्हणजे लहानपणी आयरिश लोकांनी ब्रिटिश मुलांना नेले तसेच आता ब्रिटिश ख्रिस्ती आयरिश ख्रिस्ती मुलींना नेत होते, आणि पिक्ट लोकांना विकत होते.

पॅट्रिकने आधी एक पत्र लिहून आपण लहानपणापासून शिकवलेल्या एका पाळकाच्या हाती पाठवले. निदान धरून नेलेल्या बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना व थोड्या लुटीला परत करावे अशी विनंती होती. शिपायांनी त्यांची थट्टा करून परत पाठवले. तेव्हा त्यांनी दुसरे पत्र लिहिले, ते उघडे, सर्व मंडळ्यांत मोठ्याने वाचले जावे, कोरोटिकससमोरही वाचले जावे म्हणून. तेच आपल्यापर्यंत आले आहे. त्यात त्यांनी त्या शिपायांना मंडळीबाहेर टाकले. हे लोक रडून पश्चात्ताप करून त्या मुलींना सोडीपर्यंत कोणी ख्रिस्ती मनुष्याने त्यांच्या पंक्तीला बसू नये, त्यांच्याबरोबर पिऊ नये, त्यांचे दान घेऊ नये, असे बजावले. दान घेऊ नये, हे लक्षात घ्या. देणगी देणारा कोण आणि पैसा कोठून आला हे पाहण्याची तसदी मंडळ्या सहसा घेत नाहीत. गॉल देशातले ख्रिस्ती हजारो नाणी मोजून फ्रँक लोकांकडून कैदी सोडवून आणतात आणि तुम्ही आपल्याच बहिणी परक्यांना विकता, असे ते विचारतात.

याच पत्रात एक जागा आहे, तेथे वाचणारा थबकतो. आपल्याला इतक्या हलकेपणाने का वागवले जाते हे सांगताना पॅट्रिक लिहितात की आम्ही आयरिश आहोत म्हणून त्यांना आमची लाज वाटते. आम्ही, आयरिश. नगरसभेच्या सभासदाचा मुलगा, रोमी नागरिक, ब्रिटनचा. ज्यांनी त्यांना दावणीला बांधले त्यांच्यात तो स्वतःला मोजतो, आणि आपल्या रक्ताच्या लोकांविरुद्ध उभा राहतो. आपल्याकडे जातीची, भाषेची, प्रांताची नाती बाप्तिस्म्याच्या नात्याला किती सहज मागे टाकतात हे आपण जाणतो. लग्न जुळवताना जाणतो, पाळक नेमताना जाणतो, मंडळीच्या निवडणुकीत तर फारच जाणतो.

गुलामगिरीची सारी प्रथाच मोडा असे पॅट्रिकने लिहिले, असा दावा आम्ही करणार नाही. तसे शब्द त्यांच्या पत्रात नाहीत. आणि त्यांच्यानंतर ती थांबलीही नाही. नवव्या-दहाव्या शतकांत उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांनी वसवलेले डब्लिन हा गुलामांचा मोठा बाजार होता. परंतु बाराव्या शतकात, सुमारे ११७०-७१ साली, आयर्लंडमधील इंग्रज गुलामांना सोडून द्यावे असा ठराव एका धर्मसभेने केला. ती सभा आर्मा येथे भरली होती. आर्मा म्हणजे पॅट्रिकची गादी समजले जाणारे शहर.

नागांची गोष्ट राहिली. पॅट्रिकने आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले, असे मुलांना सांगतात. आयर्लंडमध्ये साप नव्हतेच. बर्फयुगानंतर ते बेट समुद्राने तुटले आणि साप तेथे पोहोचलेच नाहीत, आणि पॅट्रिकच्या आधीच्या रोमी लेखकालाही हे माहीत होते. तीन पानांचे गवत हातात घेऊन त्यांनी त्रैक्य समजावले ही गोष्ट अठराव्या शतकाच्या आधी कोठे लिहिलेली आढळत नाही. वर्गात सांगायला ती सोपी आहे, सांगावी. फक्त लोककथा म्हणून सांगावी. कॅशेलच्या खडकावर राजाला बाप्तिस्मा देताना काठीचे टोक राजाच्या पायात घुसले आणि हा विधीच असेल असे समजून राजाने हूं की चूं केले नाही, हीही तशीच. पण आम्हांला ती गंमतीची वाटते. मेयो परगण्यात क्रो पॅट्रिक नावाचा सुमारे २५०० फुटांचा डोंगर आहे. तेथे पॅट्रिकने चाळीस दिवस उपास केला अशी समजूत आहे, आणि जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू, काही तर अनवाणी, निसरड्या दगडगोट्यांवरून चढतात. माथ्यावरचे देऊळ १९०५ सालचे. सौंदत्तीच्या किंवा जोतिबाच्या डोंगराची यात्रा पाहिलेल्याला ते दृश्य परके वाटणार नाही. आपण प्रॉटेस्टंट लोक डोंगर चढून पुण्य मिळते असे मानीत नाही. पण खाली मोटारीत बसून चढणाऱ्यांना हसणेही बरे नव्हे.

आर्मा शहरात दोन टेकड्यांवर दोन मोठी देवळे समोरासमोर आहेत. एक चर्च ऑफ आयर्लंडचे, एक रोमन कॅथलिकांचे. दोन्हींचे नाव सेंट पॅट्रिक. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. आर्मा, डाउनपॅट्रिक, सॉल, स्लेमिश ही ठिकाणे उत्तर आयर्लंडमध्ये राहिली, तारा, कॅशेल, क्रो पॅट्रिक दक्षिणेत गेली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत उत्तरेत जो रक्तपात झाला त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. १९९८ च्या उत्तम शुक्रवारी, १० एप्रिलला, करार झाला तेव्हा बंदुका पुष्कळशा शांत झाल्या. या सर्व काळात एक गोष्ट मात्र तुटली नाही. चर्च ऑफ आयर्लंड, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट या मंडळ्या सीमेवरून वेगळ्या झाल्या नाहीत. दोन्ही बाजूंचे सभासद एकाच धर्मसभेला येत राहिले. याच प्रेस्बिटेरियनांचे पहिले मिशनरी १८४१ साली गुजरातेत राजकोटला पोहोचले होते, म्हणजे पॅट्रिकचे देणे एका वाटेने आपल्या शेजारपर्यंत आले.

पॅट्रिकची 'साक्ष' जपून राहिली तीही आर्मामुळे. सन ८०० च्या थोडे पुढे फेर्डोम्नाख नावाच्या लेखनिकाने तेथे एक पोथी लिहिली. तिच्यात लॅटिन नवा करार आहे, मुइर्खूचे चरित्र आहे, आणि पॅट्रिकची साक्षही आहे. मात्र मित्राने केलेला घात वगैरे संताला न शोभणारे भाग तिच्यातून गाळलेले आहेत. ते दुसऱ्या प्रतींतून मिळाले. ही पोथी आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्याच कॉलेजात केल्सची चित्रमय शुभवर्तमाने पाहायला लोकांची रांग लागते.

डाउनपॅट्रिकच्या टेकडीवरील देवळाच्या आवारात त्यांची कबर दाखवतात. संत ब्रिजिड आणि संत कोलंबा यांनाही तेथेच ठेवले आहे अशी परंपरा आहे. शतकानुशतके लोक त्या जागेची मूठभर माती घेऊन जात, कारण ती बरोबर असली की संकट टळते अशी समजूत. माती नेता नेता तेथे खड्डा पडला. शेवटी १९०० साली त्यावर एक मोठी ओबडधोबड दगडी शिळा आणून ठेवली. तिच्यावर पदवी नाही, साल नाही; एक क्रूस कोरला आहे आणि खाली नाव, पॅट्रिक.